टिनपत्र्याच्या गावातली हॅना

वेल्समधल्या एखाद्या कष्टकरी बाईचे आयुष्य जुन्या कागदांतून जुळवायला बसले की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते: ती बाई जवळजवळ प्रत्येक कागदावर दुसऱ्या कोणाची तरी म्हणून येते. आधी कोणाची नात, मग कोणाच्या शेतावरची मोलकरीण, मग कोणाची बायको आणि शेवटी कोणाची विधवा. तिने स्वतः काय काम केले हे विचारणारा रकाना छापील नमुन्यात असतो, परंतु तिच्या नावापुढे तो बहुधा कोराच असतो. माझ्या सासूबाईंची पणजी हॅना हिच्या नोंदी शोधताना माझा बराच वेळ हे कोरे रकाने वाचण्यात गेला, आणि ते शेजारच्या कागदांच्या आधाराने वाचता येतात, हे या शोधातून मला कळले.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर स्वान्झीजवळ राहते आणि सासरची भाषा, म्हणजे वेल्श, आता बऱ्यापैकी वाचू शकते. कुटुंबाच्या इच्छेनुसार हॅनाचे माहेरचे किंवा सासरचे आडनाव मी इथे देत नाही. दोन्ही आडनावे वेल्समध्ये घरोघरी आढळणारी आहेत, एवढे सांगणे मात्र आवश्यक आहे, कारण शोधातली निम्मी अडचण तिथेच होती. सासूबाईंची आजी ही हॅनाची धाकटी मुलगी. तिच्याकडून घरात आलेली माहिती अशी की, हॅना खेड्यातून दक्षिण वेल्समधल्या लानेलीला आली, तिचा नवरा टिनपत्र्याच्या कारखान्यात अपघाताने गेला आणि हॅना स्वतः ‘कधी कामाला गेली नाही’. घरात एक मोठे वेल्श बायबल आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर पाच मुलांच्या जन्मतारखा शाईने लिहिलेल्या आहेत. सुरुवातीला हाती होते ते इतकेच.

अशा शोधात अलीकडून पलीकडे जायचे असते, म्हणजे ज्ञात मृत्यूपासून अज्ञात जन्माकडे. हॅनाचा मृत्यू 1933 मधला, म्हणून पहिला कागद मृत्यूचा दाखला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली, तिची सूची आज संगणकावर विनामूल्य पाहता येते आणि हवा तो दाखला शुल्क भरून मागवता येतो. दाखला आला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिले होते: अमुकची विधवा, टिनपत्र्याच्या कारखान्यातला कामगार. नवरा जाऊन तीस वर्षे उलटली होती, तरी तिच्या मृत्यूच्या कागदावर धंदा नोंदला गेला तो त्याचा. त्या काळी विवाहित बाईच्या दाखल्यावर असे लिहिण्याची सर्रास पद्धत होती, त्यामुळे यात कोणा एका कारकुनाचा दोष नाही. तरीही तो कागद वाचताना मला वाईट वाटले.

पुढचा आधार जनगणनेचा. ब्रिटनमध्ये 1801 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली आणि साधारणपणे 1841 पासूनच्या गणनांमध्ये माणसांची नावे सापडतात. नावानिशी तपशील शंभर वर्षांनंतर खुला होतो, त्यामुळे 1921 ची गणना 2022 च्या जानेवारीत लोकांसमोर आली. 1931 च्या इंग्लंड-वेल्सच्या गणनेची कागदपत्रे 1942 च्या आगीत जळून गेली आणि 1941 मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. म्हणजे हॅना जिवंत असतानाची शेवटची उपलब्ध गणना 1921 ची. ती खरे तर एप्रिलमध्ये व्हायची, पण संपाच्या धास्तीने पुढे ढकलली गेली आणि 19 जून रोजी झाली. त्या दिवशी वेल्सच्या कोळसा खाणींत मालकांनी केलेली टाळेबंदी चालू होती. हॅना बासष्ट वर्षांची होती आणि धाकट्या मुलीकडे राहत होती. त्या गणनेत नोकरी देणाऱ्याचे नावही विचारले होते. जावयाच्या ओळीत कारखान्याचे नाव आणि त्यापुढे ‘सध्या काम नाही’ असे आहे. हॅनाच्या ओळीत घरकाम.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा ठरला तो 1911 चा कागद. आधीच्या गणनांची आज उपलब्ध असलेली पाने प्रगणकांनी आपल्या वहीत उतरवून घेतलेली आहेत, तर 1911 ची पाने कुटुंबाने स्वतः भरलेली, त्याच हस्ताक्षरात जपलेली आहेत. वेल्समध्ये हा नमुना वेल्श भाषेतही मिळत असे आणि हॅनाच्या घराने तोच घेतला होता. शिवाय या गणनेत विवाहित स्त्रियांना तीन प्रश्न विचारले होते: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी आज किती हयात आहेत, किती दगावली. विधवांनी हे रकाने भरायचे नव्हते. परंतु अनेक विधवांनी ते भरले, आणि मग कचेरीतल्या कारकुनाने त्यांवर रेघ मारली. हॅनाच्या पानावरही अशी रेघ आहे आणि तिच्याखालचे आकडे स्वच्छ वाचता येतात: लग्नाची वर्षे 20, जन्मलेली मुले 9, हयात 5, मृत 4. बायबलात पाच नावे आहेत. उरलेल्या चार मुलांचा उल्लेख असलेला, मला सापडलेला हा एकमेव घरचा कागद, आणि तोही नियमाने अनावश्यक ठरवून खोडलेला. नमुन्यावर अक्षर बहुधा मोठ्या मुलीचे असावे, पण हे आकडे तिला सांगणारी हॅनाच असणार. विचारले नसताना तिने ती चार मुले मोजली, याचा मला फार आदर वाटतो.

त्याच पानावर व्यवसायाच्या रकान्यात ‘कपडे धुणारी’ असे लिहिले आहे. पुढे ‘स्वतःचा धंदा’ आणि ‘घरी’. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले ‘कधी कामाला गेली नाही’ हे वाक्य एका अर्थाने खरेच होते: ती कामाला बाहेर गेली नाही, लोकांचे कपडे तिच्या दारात येत राहिले. स्वयंपाकघरात उकळणारे पाण्याचे हंडे मुलीच्या आठवणीत आईच्या घरकामाचाच भाग झाले असावेत.

त्या चार मुलांची नावे शोधायला वेळ लागला. जन्मांच्या जुन्या छापील सूचीत आईचे माहेरचे आडनाव 1911 च्या उत्तरार्धापासूनच येते, पण नोंदणी कार्यालयाने अलीकडे तयार केलेल्या संगणकीय सूचीत ते थेट 1837 पासून घातलेले आहे. त्यामुळे लानेली नोंदणी जिल्हा, वडिलांचे आडनाव, आईचे माहेरचे आडनाव आणि 1882 ते 1902 ही वर्षे असा चौकोन आखून शोध घेता आला. दोन्ही आडनावे इतकी रुळलेली की त्याच जिल्ह्यात तशीच आडनावे असलेली आणखीही जोडपी निघाली. मग लहानपणीच्या मृत्यूंची सूची घेतली, वय आणि तिमाही जुळवली आणि संशय उरला तिथे दाखला मागवून पत्ता ताडून पाहिला. तीन मुले पहिल्या दोन वर्षांच्या आतच गेलेली, एक मुलगी सहा वर्षांची होऊन गेली. तिच्या दाखल्यावर आजाराचे नाव डांग्या खोकला आहे आणि मृत्यूसमयी उपस्थित म्हणून हॅनाचे नाव, त्यापुढे तिची खूण: एक फुली.

1891 आणि 1901 च्या गणनांत हॅनाच्या व्यवसायाचा रकाना कोरा आहे. पण 1891 च्या पानावर तिच्या मुलांच्या खालच्या ओळींत आणखी दोन तरुणांची नावे आहेत. दोघेही टिनपत्र्याच्या कारखान्यातले आणि घरात जेवूनखाऊन राहणारे. चार खोल्यांचे घर, लहान मुले, पाळीवर जाणारा नवरा आणि पाळीवर जाणारे दोन परके पुरुष. त्यांचा स्वयंपाक, अंघोळीचे पाणी, धुणे हे सगळे कोणीतरी करत होते आणि त्याचे पैसे घरात येत होते. रकाना कोरा असला तरी त्याच्याच खालच्या ओळी त्याचे उत्तर देतात. 1891 हे वर्षही साधे नव्हते. अमेरिकेने आयात टिनपत्र्यावर बसवलेला मॅकिन्ली जकातीचा जबर कर त्या वर्षीच्या जुलैपासून लागू झाला; अमेरिका हेच या धंद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे दक्षिण वेल्समधले कारखाने बंद पडू लागले आणि कुशल कामगार अमेरिकेची वाट धरू लागले. हॅनाचा नवरा गेला नाही. 1901 मध्ये ते त्याच घरात आहेत, आणि जेवूनखाऊन राहणाऱ्यांची संख्या वाढलेली आहे. 1891 पासून वेल्समध्ये भाषेचा रकानाही आला होता. दोन्ही वर्षी हॅनापुढे ‘वेल्श’ आणि 1901 मध्ये मोठ्या मुलांपुढे ‘दोन्ही’.

नवऱ्याच्या अपघाताचा तपशील वर्तमानपत्रात मिळाला. कोरोनरची, म्हणजे अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची, मूळ कागदपत्रे पुष्कळदा जपली गेलेली नाहीत, त्यामुळे अशा चौकशांसाठी स्थानिक साप्ताहिके हाच मोठा आधार असतो. अॅबरिस्टविथच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 1919 पर्यंतच्या वेल्श आणि इंग्रजी वर्तमानपत्रांची लाखो पाने विनामूल्य खुली केली आहेत. मजकुरातला शब्द शोधता येतो. शोधताना मात्र जुनी वर्णलेखने ठाऊक असावी लागतात, कारण त्या काळी लानेली किंवा लान्डसिल या गावांची नावे आजच्यापेक्षा वेगळ्या अक्षरांनी छापली जात. 1902 च्या बातमीत लिहिले आहे की मृताची ओळख पत्नीने पटवली आणि तिने साक्ष वेल्शमध्ये दिली. तिचे नाव बातमीत नाही. काही महिन्यांनंतरच्या दुसऱ्या छोट्या बातमीत नुकसानभरपाईचा उल्लेख आहे. 1897 च्या कामगार भरपाई कायद्यानुसार कामावर मृत्यू आला तर आश्रितांना तीन वर्षांच्या मजुरीइतकी किंवा 150 पौंड यांपैकी अधिक असेल ती, पण 300 पौंडांच्या आतली रक्कम मिळे. न्यायालयाने ती रक्कम स्वतःकडे ठेवून विधवेला हप्त्याने देण्याचा आदेश दिला आणि त्यातली काही रक्कम ‘मँगल’ घेण्यासाठी एकदम द्यायला परवानगी दिली. मँगल म्हणजे धुतलेले कपडे पिळून सपाट करायचे, दोन रुळांचे हाताने फिरवायचे यंत्र. विधवेला मँगल घेऊन देणे हा त्या काळच्या कामगार वस्त्यांत उपजीविकेचा ओळखीचा मार्ग होता. 1911 च्या पानावरचा ‘कपडे धुणारी’ हा शब्द कुठून आला, ते या चार ओळींच्या बातमीने सांगितले.

यापुढचा प्रवास लग्नाच्या दाखल्यापासून मागे. 1882 चे लग्न चॅपेलमधले. राष्ट्रीय चर्चबाहेरच्या पंथांच्या नोंदणीकृत प्रार्थनागृहांत 1837 पासून कायदेशीर विवाह करता येत होते आणि त्या काळी सरकारी निबंधक तिथे हजर राहत असे. वराच्या ओळीत व्यवसाय आणि वडिलांचे नाव; वधूच्या ओळीत व्यवसायाच्या जागी रेघ आणि वडिलांच्या नावाच्या जागीही रेघ. खाली पुन्हा फुली. फुली म्हणजे निरक्षर असा अर्थ लगेच काढू नये. वेल्समध्ये रविवारच्या शाळांनी प्रौढांना आणि मुलांना वेल्श बायबल वाचायला शिकवले, पण लिहिणे त्या शाळांचा मुख्य विषय नव्हता. आपल्याकडे पोथी अस्खलित वाचणाऱ्या पण कागदावर अंगठा उठवणाऱ्या आज्या होत्या, तशीच ही स्थिती. हॅनाच्या बायबलात कडेला झिजलेली पाने स्तोत्रांची आहेत.

वडिलांच्या जागेवरच्या रेघेनेच मला तिच्या जन्मापर्यंत पोहोचवले. जनगणनेत हॅनाचे जन्मस्थान कधी लान्डसिल, कधी नुसते कार्डिगनशर, तर एकदा कार्मार्दनशर असे आहे. लान्डसिल हे तेइवी नदीकाठचे गाव, आणि नदीच्या पलीकडे कार्मार्दनशर हा दुसरा परगणा सुरू होतो, त्यामुळे हा घोळ समजण्यासारखा आहे. त्या नोंदणी जिल्ह्यात त्या सुमाराला त्याच नावाच्या आणि आडनावाच्या अनेक मुली जन्मलेल्या. परंतु संगणकीय सूचीत ज्या बाळाचे आईवडील विवाहित नसत, त्याच्या नोंदीत आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी केवळ एक आडवी रेघ दिसते. वडिलांचे नाव नसलेली हॅना हवी असल्यामुळे फक्त अशा नोंदी पाहायच्या होत्या, आणि अपेक्षित वर्षांत तशी एकच होती: 1858. दाखला मागवला. वडिलांचा रकाना कोरा, आई शेतावरची मोलकरीण, आणि आईची खूणही फुलीच. 1861 च्या गणनेत अडीच वर्षांची हॅना आजोबा-आजींकडे आहे. आजोबा शेतमजूर, आजीच्या नावापुढे मात्र ‘मोजे विणणारी’ अशी नोंद आहे, म्हणजे तो प्रगणक बाईच्या कामाची दखल घेणारा होता. आई त्या घरात नाही. ती काही मैलांवरच्या दुसऱ्या शेतावर कामाला आहे.

या आईबद्दल एक वही बोलली. चॅपेलच्या सदस्यांची जुनी वही अभिलेखागारात जपलेली आहे आणि तिच्यात 1858 मध्ये तिच्या नावावर रेघ मारून ‘वगळले’ असे लिहिले आहे. 1861 मध्ये तिला पुन्हा दाखल करून घेतले आहे. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या सदस्य स्त्रीला मंडळीतून असे वगळण्याची तिथे रीत होती. त्या वर्षी त्या वहीत दुसरे कोणीही वगळलेले नाही. 1847 मध्ये वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला आलेल्या तीन इंग्रज आयुक्तांच्या अहवालाने वेल्श स्त्रियांच्या चारित्र्यावर शेरे मारले होते आणि देशभर संतापाची लाट उसळली होती. त्या आरोपाला उत्तर म्हणून चॅपेलांनी पुढच्या काळात स्त्रीच्या वर्तनावरची नजर अधिकच कडक केली, असे मला वाटते, आणि त्या कडकपणाची किंमत अशा मोलकरणींनी मोजली. 1834 च्या गरीब-कायद्याने अनौरस मुलाचा भार जवळजवळ पूर्णपणे आईवर टाकला होता. याच भागात 1839 ते 1843 या काळात झालेल्या रिबेका दंगलींमध्ये टोलनाक्यांबरोबर हा अन्यायही लोकांच्या तक्रारींत होता. 1844 पासून आईला स्वतः स्थानिक दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन वडिलांकडून पोटगी मागता येऊ लागली.

1871 मध्ये हॅना, वय बारा, एका शेतावर मोलकरीण. 1881 मध्ये ती लानेलीत एका विधवेकडे भाड्याने राहते आणि तिच्या रकान्यात लिहिले आहे: टिनपत्र्याच्या कारखान्यात कामाला. लानेलीत असे काम करणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. तापलेले लोखंडी पत्रे एकावर एक ठेवून, दुमडून रुळांखालून काढले की ते एकमेकांना चिकटत. थंड झाल्यावर ते एकेक करून सोलून सुटे करण्याचे काम मुख्यतः बायकांचे होते. कडा वस्तऱ्यासारख्या असत, म्हणून हातात चामड्याचे जाड संरक्षण घालावे लागे. कथिलाचा मुलामा झाल्यावर कोंड्याने चोळून पत्रे लखलखीत करण्याचे कामही मुलींकडे असे. हॅना यांतले नेमके कोणते करत होती हे जनगणना सांगत नाही. पण सासूबाईंना त्यांच्या आजीने सांगितलेले एक वाक्य त्यांना हे ऐकताना आठवले: आईच्या डाव्या हाताच्या तळव्यावर पांढऱ्या रेघा होत्या. कशाच्या, हे घरात कोणी विचारले नव्हते.

हॅना कोणाची कोणी म्हणून न येता स्वतःच्या नावाने येते असा कागद मला सर्वांत शेवटी मिळाला. वेल्श चॅपेले दरवर्षी छापील अहवाल काढत आणि त्यात प्रत्येक सदस्याने वर्षभरात किती वर्गणी दिली हे नावानिशी प्रसिद्ध करत. हॅनाच्या चॅपेलचे असे काही अहवाल राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. 1901 च्या अहवालात वर्गणी नवऱ्याच्या नावावर आहे. 1903 च्या अहवालात त्या जागी ‘श्रीमती’ लावून तिचे नाव, रस्त्याचे नाव, आणि रक्कम पूर्वीच्या निम्म्याहून कमी. 1906 पासून रक्कम वाढत जाते आणि 1912 मध्ये ती नवऱ्याच्या काळातल्या वर्गणीच्या बरोबरीला येते. 1904–05 मध्ये वेल्सभर धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली होती, तिचाही यात काही वाटा असेल. पण पैसे कपडे धुऊनच मिळवलेले होते. सासूबाईंनी तो अहवाल हातात घेऊन आकडे मोठ्याने वाचले आणि मग बायबल उघडून पाच नावांच्या खाली राहिलेल्या चौघांची नावे आणि तारखा पेन्सिलीने लिहिल्या.

आता काम राहिले आहे ते हॅनाच्या आईचे. 1858–59 मध्ये तिने पोटगीसाठी अर्ज केला असेल तर तो त्या भागातल्या दंडाधिकाऱ्यांच्या नोंदवहीत असायला हवा, आणि वडिलांचे नाव असलेला कागद मिळालाच तर तो तोच असेल. केरेडिगियनच्या, म्हणजे जुन्या कार्डिगनशरच्या, अभिलेखागाराकडे त्या वर्षांच्या वह्यांची मागणी मी नोंदवली आहे; त्यांचे उत्तर आले की त्याप्रमाणे अॅबरिस्टविथला जायचे आहे, आणि या वेळी सासूबाईही सोबत येणार आहेत.